आनंदीबाईंचा खोकला

आमच्या लातूरच्या घराला वर दोन खोल्या आहेत. बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्या आम्ही शिकायला आलेल्या मुलींना भाड्याने देऊ लागलो. लातुरात यात नवे काही नाही. दहावीचा निकाल लागला की मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून मुले-मुली ट्रंका आणि वळकट्या घेऊन इथे उतरतात. त्यांतल्या पुष्कळांना डॉक्टर व्हायचे असते. एका खोलीत तिघी-चौघी, मेसचा डबा, पहाटेची शिकवणी आणि रात्री दीड-दोनपर्यंत जळणारा दिवा, असा सगळा बेत.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात वरून रात्री-अपरात्री खोकल्याचा आवाज येऊ लागला. मुखेड तालुक्यातून आलेली १७ वर्षांची मुलगी. पहिले आठ दिवस आम्ही हवा बदलली म्हणून सोडून दिले. सौभाग्यवतींनी अडुळशाचा काढा करून वर पाठवला. मुलीचे म्हणणे, जागरणाने होते. तिच्या वडिलांचे म्हणणे, मेसचे तेल बाधले असेल. मैत्रिणींच्या मते परीक्षेचा ताण. खोकल्याला अशी चार नावे मिळाली, पण तो काही थांबेना.

योगायोग असा की त्याच सुमारास मला एका शाळेच्या स्नेहसंमेलनात डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावर बोलायचे होते. आनंदीबाईंची गोष्ट आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही? श्री. ज. जोशी यांची आनंदी गोपाळ ही कादंबरी १९६८ साली आली आणि घराघरांत वाचली गेली. पुढे तिच्यावर नाटक झाले, २०१९ मध्ये याच नावाचा चित्रपटही आला. मीही ती गोष्ट पहिल्या स्त्री-डॉक्टरची गोष्ट म्हणूनच वाचत आलो होतो. पण त्या रात्री खाली मी टिपणे काढत होतो आणि वर ती मुलगी खोकत होती. तेव्हा पहिल्यांदा मला वाटले, ही गोष्ट आपण अर्धीच वाचली आहे. एक मुलगी आजारी पडून गेली, ही उरलेली अर्धी.

३१ मार्च १८६५ रोजी पुण्यात तिचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना. घराणे कल्याणच्या जोशांचे, एकेकाळी सुखवस्तू, पण उतरती कळा लागलेले. वयाच्या नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते पोस्टात कारकून, बिजवर, वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. त्यांनी तिचे नाव आनंदी ठेवले. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास. तो ध्यास चमत्कारिकही होता. ज्या काळात बायकोने पुस्तक हाती घेतले म्हणून नवरे मारत, त्या काळात हा गृहस्थ ते हाती घेत नाही म्हणून मारत असे. पोस्टातल्या बदल्यांबरोबर हे बिऱ्हाड कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असे करत कलकत्त्यापर्यंत गेले. मी स्वतः बँकेच्या बदल्यांनी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत बिऱ्हाड हलवत राहिलो आहे. प्रत्येक नव्या गावी पाणी वेगळे, हवा वेगळी, आणि पोरांच्या तब्येतीची पहिले सहा महिने काळजी. ते दीडशे वर्षांपूर्वी किती अवघड असेल, याची कल्पना मला करता येते.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, हे त्या मुलीच्या मनाने घेतले. डॉक्टर होण्याचा निश्चय तिथे झाला, असे सगळी चरित्रे सांगतात आणि ते खरेच आहे. मला मात्र त्या प्रसंगातले दुसरेही काही दिसते. चौदा वर्षांचे शरीर स्वतःच अजून वाढत असते. त्याच वयात त्याने दुसरे शरीर वाढवले, बाळंतपण सोसले, आणि वर मूल गेल्याचे दुःख. अशी मुलगी वरून धडधाकट दिसली तरी आतून किती उरली असेल?

गोपाळरावांनी १८७८ मध्ये कोल्हापूरहून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली होती. ते पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापले गेले. १८८० मध्ये न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे ताटकळत बसल्या असता त्यांच्या हाती ते मासिक पडले. त्यांनी पत्र लिहिले आणि दोन बायकांचा स्नेह जुळला. आनंदीबाई त्यांना मावशी मानत.

या पत्रव्यवहाराच्या काळातली एक गोष्ट आपण भराभर वाचून पुढे जातो. कलकत्त्यात असतानाच आनंदीबाईंची तब्येत ढासळू लागली होती. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, अधूनमधून ताप, कधी कधी धाप. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली. त्यांचा गुण आला नाही. हे सारे त्या बोटीत पाऊल ठेवण्याआधीचे आहे. आज एखाद्या तरुण मुलीने ही लक्षणे सांगितली तर तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टरही खोकला आहे का ते विचारतील आणि आधी थुंकी तपासायला पाठवतील. तेव्हा तशी तपासणी नव्हती. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये जाहीर केला तो २४ मार्च १८८२ रोजी. त्यानंतर सुमारे वर्षभराने, ७ एप्रिल १८८३ रोजी, आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत चढल्या. अठरा वर्षे पूर्ण होऊन त्यांना एकच आठवडा झाला होता.

त्याआधी फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात (हे बंगालमधले श्रीरामपूर) त्यांनी जाहीर सभेत आपण अमेरिकेला का जातो ते सांगितले होते. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची गरज का आहे, हे लोकांना समजावून सांगताना ही मुलगी अठराचीही नव्हती. जूनमध्ये ती न्यूयॉर्कला उतरली आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या वुमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाली. तिथल्या डीन रेचल बॉडली यांनी तिला पोटच्या मुलीसारखे सांभाळले. आनंदीबाईंनी साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. बर्फाच्या प्रदेशात, आधीच खंगलेल्या शरीराने, अपुऱ्या अन्नावर तीन वर्षांचा वैद्यकाचा अभ्यास त्यांनी रेटला.

१८८५ सालचा एक प्रसिद्ध फोटो आहे. त्यात कॉलेजच्या तीन विद्यार्थिनी आहेत. जपानच्या केई ओकामी किमोनोत, सीरियाच्या सबात इस्लामबुली त्यांच्या देशी पोषाखात, आणि साडीत आपल्या आनंदीबाई. तेव्हा त्या विशीत होत्या. मी तो फोटो बराच वेळ पाहत बसलो. चेहऱ्यावर धीर आहे, शहाणपण आहे, आणि वयाला न शोभणारा शिणवटा आहे.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षीचे दुःख त्यांनी विसाव्या वर्षी अभ्यासाला जुंपले होते. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. व्हिक्टोरिया राणीचा अभिनंदनाचा संदेश आला. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाची जबाबदारी देऊ केली. त्या वर्षअखेरीस आनंदीबाई मायदेशी परतल्या त्या अंथरुणाला खिळायच्या बेतातच. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांनी एकही रोगी तपासला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. बावीस पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवली आणि ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत ठेवली गेली.

हा मृत्यू कशाने झाला? क्षयाने. पण आपण तसे म्हणत नाही. आपण म्हणतो, अमेरिकेच्या थंडीने केले. कुणी म्हणतो, गोपाळरावांच्या हट्टाने. समुद्र ओलांडणे पाप मानणाऱ्यांना तर त्या काळी कारण शोधावेच लागले नाही. यांतल्या थंडीचा आणि हट्टाचा वाटा मी नाकारत नाही. पण आजाराचे नाव बाजूला राहिले आणि त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींनाच दोष मिळत गेला. थेऊरला १७७२ साली सत्ताविसाव्या वर्षी गेलेल्या थोरल्या माधवरावांचे दुखणे आपण राजयक्ष्मा म्हणून ओळखतो. आनंदीबाईंच्या बाबतीत मात्र आपल्याला हवामान आठवते.

हे मला इतके का लागले, तेही सांगायला हवे. मला एक अक्का होती. १९७२ च्या दुष्काळात ती चौदा वर्षांची होती, मी अकरा. बालाघाटच्या डोंगरातले आमचे गाव. विहिरी तळाला गेलेल्या, घरात लाल मिलोच्या भाकरी, कामावर सुकडी. मायबरोबर अक्काही दुष्काळी कामावर जाऊ लागली. आधी पाझर तलावाच्या मातीवर, मग खडी फोडायला. उन्हाळ्यात तिला खोकला लागला. सगळ्या गावाने सांगितले, खडीची धूळ बाधली. गूळ खाल्ला की धूळ उतरते म्हणून दादांनी कुठून तरी गुळाचा खडा आणला. संध्याकाळी तिला कणकण येई, सकाळी ती परत घमेले उचलायला जाई. अंगावरचे परकर-पोलके सैल होत गेले. पण त्या वर्षी सगळ्यांचेच कपडे सैल झाले होते. तिच्याकडे वेगळे कोण पाहणार?

अखेर तिला दूरच्या एका दवाखान्यात नेले. लहान मुलांच्या वॉर्डात तिला घेईनात, वय जास्त म्हणून. बायकांच्या वॉर्डात खाट नव्हती. दोन रात्री ती व्हरांड्यात सतरंजीवर होती. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. कागदावर काय लिहिले ते दादांना वाचता येत नव्हते, आणि मला कुणी वाचायला दिले नाही. घरात पुढे कायम एकच वाक्य राहिले: धुळीने गेली.

पुढे वाचनात जे आले त्याने माझे मन आणखीच कडू झाले. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे पहिले खरे औषध १९४३ मध्ये सापडले. मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून ते काढले गेले, आणि तेही न्यू जर्सी राज्यात, जिथल्या रोझेल गावी आनंदीबाई कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या होत्या. हे औषध देऊन फुप्फुसाचा क्षय बरा झालेला पहिला माणूस म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली एक तरुणी. नोव्हेंबर १९४४ मध्ये उपचार सुरू झाले तेव्हा तिचे वय होते २१. आनंदीबाई गेल्या तेव्हाचे वय. ती बरी झाली, तिचे लग्न झाले, तीन मुले झाली. मध्ये अंतर फक्त सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचे.

अक्काच्या बाबतीत तर तेवढेही अंतर नव्हते. १९५६ पासून मद्रासमध्ये झालेल्या अभ्यासाने १९५९ साली दाखवून दिले होते की क्षयाच्या रोग्याला डोंगरावरच्या आरोग्यधामात ठेवण्याची गरज नाही. घरी राहून नियमित गोळ्या घेतल्या तरी तो तितकाच बरा होतो. १९६२ पासून देशाचा क्षय नियंत्रण कार्यक्रम सुरू होता. अक्का गेली तेव्हा औषध होते, पद्धत होती, कार्यक्रम होता. फक्त तिच्या खोकल्याला त्याचे नाव कुणी दिले नाही. तो क्षय होता की न्यूमोनिया, हेही आता ठरवता येणार नाही. दोन्हींवर औषध होते, एवढे मात्र खरे.

बँकेत खाते उघडण्याच्या अर्जावर सज्ञान की अज्ञान असा रकाना असतो. मधला रकाना नसतो. आजारांच्या हिशेबाचेही तसेच झाले आहे. जगभर न्यूमोनियाची चर्चा होते ती पाच वर्षांखालच्या मुलांची, आणि ती व्हायलाच हवी, कारण सर्वाधिक कोवळे जीव तिथेच जातात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ जण दगावले, त्यांत १२ नवजात बाळे होती. तेव्हा सारा देश हळहळला. पण १३ वर्षांची मुलगी जाते ती एकटी जाते. तिची बातमी होत नाही. क्षयाच्या अहवालांत वर्षानुवर्षे १५ वर्षांच्या आतली ती मुले आणि पुढची ती मोठी माणसे, अशी विभागणी होत आली. किशोरवय बरोबर मध्ये चिरले गेले.

वास्तविक क्षयाच्या दृष्टीने हेच वय धोक्याचे. साधारण पाच ते दहा या वयात हा आजार सर्वांत कमी आढळतो. त्यानंतर वयात येताना तो झपाट्याने वाढतो, मुलींमध्ये मुलांपेक्षा जरा आधी. बाळपणी टोचलेली बी.सी.जी.ची लस तान्ह्यांना मेंदूच्या क्षयासारख्या भयंकर प्रकारांपासून वाचवते, पण मोठ्या मुलांच्या फुप्फुसाच्या क्षयापुढे ती तितकी पुरी पडत नाही. १० ते २४ या वयातल्या सुमारे १८ लाख मुला-मुलींना जगात दरवर्षी क्षय होतो, असा अंदाज आहे. जगातल्या क्षयरोग्यांपैकी चारातला एक आपल्या देशात आहे. आणि २०२३ साली क्षयाने जगात साडेबारा लाख माणसे गेली. कुठल्याही एका जंतूने घेतलेले हे सर्वांत जास्त बळी होते.

ही मुले दवाखान्यात दगावतात याचे एक मोठे कारण म्हणजे ती फार उशिरा पोचतात. तान्हे मूल धापा टाकू लागले की आई रात्रीच दवाखाना गाठते. म्हातारा खोकला की सुना-मुले डॉक्टरकडे नेतात. चौदा-सतरा वर्षांचे पोर मात्र काम करते, शाळेत जाते, परीक्षा देते, आणि खोकला लपवते. मुलगी असेल तर घरचेही लपवतात, कारण उद्या तिचे लग्न ठरवायचे असते. ग्रामीण शाखांमध्ये असताना मी पाहिलेले आहे, पीककर्ज म्हणून उचललेला पैसा दवाखान्यात जायचा, आणि तो जायचा तेव्हा वेळ निघून गेलेली असायची.

अन्नाचा भागही तितकाच मोठा. झारखंडमध्ये झालेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. क्षयरोग्याच्या घरच्या माणसांना दरमहा पोषक शिधा दिला, तर त्यांना क्षय होण्याचे प्रमाण जवळजवळ ४० ते ५० टक्क्यांनी घटले. लस नाही, नवे औषध नाही. डाळ आणि तांदूळ. हे वाचले आणि मला अक्काची लाल मिलोची भाकरी आठवली, आणि फिलाडेल्फियात अर्धपोटी अभ्यास करणारी ती साडीतली मुलगीही आठवली.

असो. भाषणाच्या आदल्या दिवशी मी वर गेलो. मुलीला म्हटले, उद्या शिकवणी एक दिवस बुडव, माझ्याबरोबर सरकारी दवाखान्यात चल. ती घाबरली. तिला आजाराची नव्हे, वेळ वाया जाण्याची भीती होती. थुंकीची तपासणी फुकट झाली, निकाल लवकर आला. क्षय होता. वडील मुखेडहून आले, ओट्यावर बराच वेळ गप्प बसले, आणि मग एवढेच म्हणाले की गावात कळू देऊ नका. म्हणून तिचे नाव मी इथे लिहीत नाही. खोलीतल्या बाकीच्या मुलींचीही तपासणी झाली. त्यांना काही निघाले नाही.

सहा महिने गोळ्या चालल्या. सरकारकडून आहारासाठी दरमहा १,००० रुपये मिळतात, ते तिच्या खात्यात जमा होतात की नाही हे पाहण्याचे काम या जुन्या बँकवाल्याने आनंदाने केले. सौभाग्यवतींनी मेसचा डबा बंद केला आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर सोमवारी तिचे वजन लिहायला सुरुवात केली. ३७ पासून ४४ किलोपर्यंत तो आकडा चढला. त्या वर्षीची परीक्षा तिची गेली. पुढच्या वर्षी ती बसली. मार्क किती पडले, ते तिचे ती सांगेल.

शाळेतले भाषण मी केले, पण लिहून नेलेले बाजूला ठेवून. आनंदीबाई पहिल्या होत्या हे मुलांना आधीच पाठ होते. मी त्यांना ती आजारी पडली कशी, ते सांगितले.

तिघींचा तो फोटो आता आमच्या जिन्यात लावला आहे. जूनमध्ये नव्या मुली राहायला आल्या की मी त्यांना पाण्याचे, विजेचे, फाटक बंद करण्याचे नियम सांगतो. त्यात एक नियम वाढवला आहे. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर खाली येऊन सांगायचे, परीक्षा कितीही जवळ असली तरी. मुली एकमेकींकडे बघून हसतात. म्हातारा विचित्र आहे, असे त्यांना वाटत असणार. वाटू दे.